पीएचडीचा अर्ज, टेबलाच्या पलीकडून

विज्ञानात पीएचडी करू इच्छिणारे बहुतेक जण प्रवेशअर्जाकडे आजवर दिलेल्या परीक्षांच्या मालिकेतील शेवटची आणि सर्वांत अवघड परीक्षा म्हणून पाहतात. तोपर्यंतचे सगळे प्रवेश गुणांवर झालेले असल्याने ही समजूत स्वाभाविक आहे. परंतु निवड समितीत बसून काही वर्षे अर्ज वाचल्यावर मी खात्रीने सांगू शकतो की टेबलाच्या पलीकडे बसलेली माणसे गुणांची बेरीज करत नसतात. ज्या प्रश्नाचे उत्तर आज कोणालाच ठाऊक नाही, अशा प्रश्नावर ही व्यक्ती चार ते सहा वर्षे टिकून काम करू शकेल का, आणि तसे करताना तिला शिकवण्यासारखे आमच्याकडे काही आहे का, एवढ्या दोनच गोष्टींचा अंदाज ती घेत असतात. अर्जातला प्रत्येक कागद या अंदाजाला काय पुरवतो, याच नजरेने वाचला जातो. म्हणून अर्ज लिहिणाऱ्यानेही तो लिहिताना अधूनमधून टेबलाच्या पलीकडे जाऊन बसावे, असे मला वाटते.

आधी व्यवस्थांमधला फरक सांगतो, कारण एका देशासाठी तयार केलेला अर्ज दुसऱ्या देशात जसाच्या तसा पाठवणारे बरेच असतात. अमेरिकेत पदवीनंतर थेट पीएचडीला अर्ज करता येतो आणि प्रवेश बहुधा विभागाची समिती देते, एकटा प्राध्यापक देत नाही. जीवशास्त्राच्या अनेक विभागांत पहिल्या वर्षी दोन-तीन प्रयोगशाळांमध्ये काही आठवडे आळीपाळीने काम (रोटेशन) करून मगच मार्गदर्शक ठरतो. जर्मनी, नेदरलँड्स आणि स्कँडिनेव्हियातील देशांत चित्र जवळजवळ उलटे असते. तेथे पीएचडी ही बहुतांशी पगारी नोकरी असते, ठरावीक प्रकल्पासाठी जागेची जाहिरात निघते, पदव्युत्तर पदवी सामान्यतः हवीच असते आणि निवडीत प्रकल्पप्रमुखाचा शब्द निर्णायक ठरतो. युरोपीय संघाच्या मारी क्यूरी डॉक्टरल नेटवर्कमधील जागांना आणखी एक अट असते: भरतीच्या आधीच्या ३६ महिन्यांत उमेदवार त्या देशात १२ महिन्यांपेक्षा अधिक काळ राहिलेला किंवा काम केलेला नसावा. ही अट न वाचता केलेला उत्तम अर्जही बाजूलाच पडतो.

भारतात आधी परीक्षांची चाळणी लागते. रसायन, भौतिक, जीव, गणित आणि भूविज्ञान अशा विषयांसाठी सीएसआयआर-नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा आहे, शिवाय गेट व जेस्ट या परीक्षा, टीआयएफआर या मुंबईतील संशोधनसंस्थेची स्वतःची परीक्षा असे मार्ग आहेत, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमावलीनुसार चार वर्षांच्या पदवीत किमान ७५ टक्के गुण मिळवणाऱ्यालाही पीएचडीचे दार उघडे झाले आहे. जेआरएफ, म्हणजे अशा परीक्षेतून मिळणारी ज्युनियर रिसर्च फेलोशिप, मिळाल्याचा खरा फायदा मात्र प्रतिष्ठेपेक्षा वेगळा आहे. असा उमेदवार स्वतःची फेलोशिप घेऊन येतो, त्यामुळे मार्गदर्शकाला त्याच्यासाठी प्रकल्पाच्या निधीतून पैसे शोधावे लागत नाहीत आणि एकंदर वाटाघाटीत उमेदवाराची बाजू बरीच भक्कम होते. परीक्षा येथवर नेते. त्यापुढची मुलाखत कोणत्याही देशातल्या मुलाखतीसारखीच असते आणि परीक्षेतल्या गुणांची आठवण तेथे फार काळ टिकत नाही.

जीआरईविषयी, म्हणजे अमेरिकेतील पदव्युत्तर प्रवेशांसाठीच्या परीक्षेविषयी, थोडक्यात. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये आपल्याच जैववैद्यकीय पीएचडी विद्यार्थ्यांची माहिती तपासली, तेव्हा जीआरईच्या गुणांवरून पहिल्या सत्रातील गुणांचा काहीसा अंदाज येतो, पण पीएचडीदरम्यानची पात्रता परीक्षा कोण पार करील, पीएचडी कोण पूर्ण करील किंवा किती शोधनिबंध लिहील याचा अंदाज येत नाही, असे त्यांना आढळले. या प्रकारच्या अभ्यासाला एक मर्यादा आहे: ज्यांना प्रवेश मिळाला त्यांचीच माहिती हाताशी असते, नाकारलेल्यांची नसते. तरीही त्यानंतर अनेक विभागांनी, विशेषतः जीवशास्त्रातल्या, ही अट काढून टाकली. विभाग गुण मागत असेल तर द्यावेत, ऐच्छिक असतील तर चांगले असल्यास द्यावेत, आणि जीआरईच्या तयारीतून वाचलेला वेळ एसओपीला (स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे आपले काम आणि उद्देश सांगणारे निवेदन) द्यावा.

कारण एसओपी हा असा कागद आहे की जो पूर्णपणे अर्जदाराच्या हातात असतो आणि तोच सर्वांत जास्त वाया घालवला जातो. निम्म्याअधिक एसओपी बालपणापासून सुरू होतात. रात्रीचे आकाश, पहिला सूक्ष्मदर्शक, प्रश्न विचारून शिक्षकांना भंडावून सोडणारा विद्यार्थी असे सगळे त्यात येते. वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही, कारण कुतूहल नसलेला अर्जदार त्याच्यासमोर कधी येतच नाही. दुसरा नेहमीचा प्रकार तंत्रांच्या यादीचा. पीसीआर, क्लोनिंग, वेस्टर्न ब्लॉट, कॉन्फोकल सूक्ष्मदर्शन ही तंत्रे आत्मसात केली, असे वाक्य वाचल्यावर ती उपकरणे ज्या खोलीत होती त्या खोलीत अर्जदारही होता, इतकेच सिद्ध होते.

त्याऐवजी समजा एखादीने असे लिहिले की ई. कोलाय जिवाणूंकडून जे प्रथिन तयार करून घ्यायचे होते ते विरघळलेल्या अवस्थेत मिळण्याऐवजी पेशीतच गठ्ठे होऊन साचत होते. जिवाणू वाढवण्याचे तापमान ३७ अंशांवरून १८ अंशांवर आणल्यावर निर्मिती मंदावली, प्रथिनाला योग्य घडी घेण्यास अवधी मिळाला आणि त्याचा काही भाग द्रावणात उतरला. परंतु शुद्ध केलेल्या प्रथिनाची क्रियाशीलता अपेक्षेपेक्षा फारच कमी भरली, आणि म्हणून जे विरघळले ते नीट घडी झालेले असणारच, हे आपले गृहीतक वेगळ्या पद्धतीने तपासावे लागले. हा मजकूर सात-आठ ओळींचा आहे. पण त्यातून वाचणाऱ्याला कळते की अडचण कोठे होती हे तिला नेमके सांगता येते, उपायामागचे कारण तिला ठाऊक आहे, आणि हाती आलेल्या अर्ध्या यशावर ती समाधान मानत नाही. प्रयोग शेवटी साधला की नाही, याला मग फारसे महत्त्व उरत नाही. उलट सगळेच साधले असे सांगणारा अर्ज मी जरा सावधपणे वाचतो.

सैद्धांतिक किंवा संगणकीय काम केलेल्यांनाही हेच लागू आहे. ग्रहांच्या गतीचे सिम्युलेशन केले, असे लिहिण्यात काही अर्थ नाही. एकूण ऊर्जा स्थिर राहायला हवी असताना ती हळूहळू वाढताना दिसली, गणनेतील काळाची पायरी निम्मी करून वाढ किती घटते ते पाहिले आणि त्यावरून दोष समीकरणांचा नसून आकडेमोडीच्या पद्धतीचा आहे हे ठरवले, असे लिहिण्यात बराच अर्थ आहे. ज्यांनी एकच छोटा प्रकल्प केला आहे त्यांना वाटते की आपल्याजवळ लिहिण्यासारखे काही नाही. परंतु तीन प्रकल्पांच्या तीन-तीन ओळींपेक्षा एका प्रकल्पाचे दोन सलग परिच्छेद माझ्या मते नेहमीच सरस ठरतात.

एसओपीचा उरलेला भाग येथेच का यायचे आहे, हे सांगण्याचा असतो. जगप्रसिद्ध विद्यापीठ, नामवंत प्राध्यापक, अद्ययावत सुविधा हे शब्द तेथे येऊ लागले की वाचणारा पुढच्या पानावर जातो. दोन किंवा तीन संशोधनगट निवडावेत आणि त्या प्रत्येकाच्या कामातील कोणत्या टप्प्यावर आपला प्रश्न सुरू होतो ते लिहावे. ही माहिती गटाच्या संकेतस्थळावरून घेऊ नये, कारण ती पाने वर्षानुवर्षे जुनीच राहतात आणि चार वर्षांपूर्वी सोडून दिलेल्या विषयावर उत्साहाने लिहिलेला परिच्छेद वाचणे दोन्ही पक्षांना अवघडल्यासारखे होते. भौतिकशास्त्र व गणितासाठी १९९१ पासून चालू असलेले आर्काइव्ह आणि जीवशास्त्रासाठी २०१३ मध्ये सुरू झालेले बायोआर्काइव्ह या प्रकाशनपूर्व लेखांच्या खुल्या संकेतस्थळांवर गेल्या दोन-तीन वर्षांतील लेख पाहिले की तो गट आज काय करतो आहे ते कळते. भाषेच्या चुका मी मोजत नाही आणि माझे बहुतेक सहकारीही मोजत नाहीत. अलीकडे मात्र यंत्राकडून लिहून घेतलेल्या, निर्दोष आणि एकमेकींसारख्याच दिसणाऱ्या एसओपी येऊ लागल्या आहेत. त्यांचा तोटा असा की ज्या तपशिलावरून अर्जदार ओळखू यायला हवा तोच त्यांत गुळगुळीत झालेला असतो.

समितीच्या चर्चेत सर्वांत जास्त वेळ ज्यांवर जातो ती शिफारसपत्रे. सामान्यतः तीन लागतात, आणि ती कोणाकडून घ्यावीत याचा सल्ला बहुधा चुकीचा दिला जातो. विभागप्रमुखाने किंवा एखाद्या मोठ्या नावाच्या शास्त्रज्ञाने, विद्यार्थी वर्गात पहिला आला आणि त्याची वागणूक उत्तम आहे, असे दिलेले पत्र आम्हाला काहीच सांगत नाही. ते गुणपत्रिकेवर आधीच लिहिलेले असते. याउलट एखाद्या अपरिचित सहायक प्राध्यापकाने, हिने मी सुचवलेली पद्धत का चालणार नाही हे मला दोन आठवड्यांत आकडेवारीसह दाखवले आणि माझ्या हाताखाली प्रकल्प केलेल्या विद्यार्थ्यांत मी तिला पहिल्या दोघा-तिघांत ठेवीन, असे लिहिले तर ते वाक्य समितीत मोठ्याने वाचून दाखवले जाते. तुलना आणि घटना, या दोन गोष्टी पत्रात असाव्या लागतात, आणि त्या फक्त तुमच्याबरोबर प्रत्यक्ष काम केलेला माणूसच लिहू शकतो. म्हणूनच पत्रांची तयारी अर्जाच्या वर्षी करता येत नाही. ती त्याच्या आधीच्या वर्षी, कोणाच्या प्रयोगशाळेत किती लक्ष घालून काम केले, यातून होते.

काही प्राध्यापक विद्यार्थ्यालाच पत्राचा मसुदा लिहून आणायला सांगतात. ही पद्धत आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही, आणि नाही म्हणण्याच्या स्थितीत विद्यार्थी सहसा नसतो. पण तिन्ही पत्रांत एकच आवाज ऐकू आला की तिन्ही पत्रे एकदमच निकामी होतात. अशा वेळी मसुद्याऐवजी मुद्दे द्यावेत: कोणते काम केव्हा केले, कोठे अडलो, त्यातून कसा मार्ग काढला, कोणती चर्चा त्यांना आठवत असेल. त्याबरोबर एसओपीचा कच्चा खर्डा, संस्थांची यादी आणि प्रत्येकीची अंतिम तारीख किमान महिनाभर आधी पोहोचवावी. अमेरिकेतील अर्जांत १९७४ च्या विद्यार्थी-गोपनीयता कायद्यानुसार ही पत्रे पुढे पाहण्याचा हक्क सोडता का, असे विचारणारा एक चौकोन असतो. हक्क सोडला आहे असे दिसले तर वाचणारा पत्रावर अधिक विश्वास ठेवतो, आणि बहुतेक अर्जदार तो सोडतातच.

गुणपत्रिकेत एखाद्या सत्रात मोठी घसरण असेल तर तिचे कारण दोन वाक्यांत सांगून पुढे जावे. कारण खासगी असेल तर ते शिफारस करणाऱ्याने लिहिणे अधिक बरे.

आतापर्यंतचे सगळे तुमची पारख कशी होते याविषयी झाले. तुम्ही केलेल्या पारखीविषयी अर्जदार फार कमी विचार करतात, आणि माझ्या मते अर्जाच्या साऱ्या खटाटोपात सर्वांत मोठे नुकसान येथेच होते. संस्थेचे नाव प्रमाणपत्रावर एकदा छापले जाते. मार्गदर्शकाशी मात्र दर आठवड्याला बोलायचे असते. नेचर नियतकालिकाने २०१९ मध्ये जगभरातील सहा हजारांहून अधिक पीएचडी विद्यार्थ्यांची पाहणी केली, तेव्हा ३६ टक्के जणांनी पीएचडीमुळे उद्भवलेल्या चिंता किंवा नैराश्यासाठी मदत घेतल्याचे सांगितले होते. यातले सगळेच मार्गदर्शकामुळे घडते असे नाही. तरी मार्गदर्शकाची निवड ही अर्जदाराच्या हातातील मोजक्या गोष्टींपैकी एक आहे.

ती करताना काही गोष्टी बाहेरूनही दिसतात. गेल्या दहा वर्षांत या गटातून किती जण पीएचडी होऊन बाहेर पडले, त्यांना किती वर्षे लागली, ते आता कोठे आहेत, शोधनिबंधांत विद्यार्थ्यांची नावे पहिली येतात की सगळीकडे पोस्टडॉकचीच (पीएचडीनंतर ठरावीक काळासाठी आलेल्या संशोधकांची), गटाच्या पानावरून मध्येच नाहीशी झालेली नावे आहेत का, हे तासाभरात तपासता येते. उरलेले त्या गटातील विद्यार्थ्यांना विचारावे लागते, आणि तेही लेखी न विचारता बोलून, मार्गदर्शक उपस्थित नसताना. सर कसे आहेत, या प्रश्नाला चांगले आहेत याखेरीज उत्तर मिळत नाही. तुमच्या शेवटच्या शोधनिबंधाचा मसुदा त्यांच्याकडे किती दिवस होता, दोन विद्यार्थ्यांना एकच प्रश्न दिला गेला आहे का, प्रयोग सहा महिने अडला तेव्हा त्यांनी काय सुचवले, गटातील कोणी सुट्टीवर जाते तेव्हा काय होते, असे विचारले तर माणसे मोकळेपणाने बोलतात. बोलायचे टाळू लागली तर तेही उत्तरच समजावे.

नवा, नुकताच रुजू झालेला प्राध्यापक की पन्नाशीतला मोठ्या गटाचा प्रमुख, हा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. नव्याकडे वेळ असतो, तो स्वतः प्रयोगाला उभा राहतो आणि त्याचे भवितव्यही पहिल्या दोन-तीन विद्यार्थ्यांवर अवलंबून असते, त्यामुळे शिकायला खूप मिळते आणि ताणही तितकाच येतो. मोठ्या गटात उपकरणे, निधी आणि ओळखी असतात, पण रोजचे मार्गदर्शन पोस्टडॉककडून मिळते, म्हणून तेथे प्रमुखाइतकीच त्या पोस्टडॉकची चौकशी करावी लागते. ज्याला स्वतःहून दिशा ठरवायची सवय अजून लागलेली नाही त्याने लहान गटात जावे, असे मी सांगतो. माझे अनेक सहकारी याच्या बरोबर उलट सांगतात.

मार्गदर्शकाला आधी पत्र लिहावे का, याचे उत्तर व्यवस्थेप्रमाणे बदलते. युरोपात आणि ब्रिटनमध्ये ते बहुधा आवश्यकच असते. अमेरिकेत जेथे समिती निवड करते तेथे त्याने प्रवेश मिळत नाही, पण यंदा तो प्राध्यापक विद्यार्थी घेणार आहे का एवढे समजले तरी एक अर्ज फुकट जाण्याचे टळते. पत्र एका पडद्यात मावेल इतके असावे: आपण कोण, त्यांच्या कोणत्या निष्कर्षाविषयी कोणता प्रश्न पडला, जागा आहे का. पन्नास जणांना एकच मजकूर पाठवणारे कोठेतरी मागच्याचे नाव तसेच ठेवतात, आणि अशी पत्रे मलाही येतात. उत्तर आले नाही तर पंधरवड्याने एकदा आठवण करावी, त्यानंतर सोडून द्यावे.

मुलाखतीत नवे काही विचारले जात नाही. तुम्ही एसओपीत जे लिहिले तेच खणले जाते. नियंत्रक प्रयोग (तुलनेसाठी केलेला प्रयोग) कोणता होता, हा आकडा दुप्पट आला असता तर तुम्ही काय निष्कर्ष काढला असता, हीच गोष्ट दुसऱ्या कोणत्या कारणाने घडू शकते, असे प्रश्न येतात आणि ते मुद्दाम उत्तराच्या पलीकडे जाईपर्यंत विचारले जातात. तेथे पोहोचल्यावर उमेदवार काय करतो, हेच पाहायचे असते. मला ठाऊक नाही, पण ते शोधायचे झाल्यास मी आधी हे मोजून पाहीन, असे म्हणून फळ्याकडे वळणारा उमेदवार पाठ केलेले उत्तर देणाऱ्यापेक्षा नेहमी वरचढ ठरतो. शेवटी तुम्हाला काही विचारायचे आहे का, असे म्हणतात तेव्हा खरोखर विचारावे. निधी किती वर्षांचा आहे, अध्यापनाचे किती काम करावे लागते, मार्गदर्शक संस्था सोडून गेला तर विद्यार्थ्याचे काय होते, हे प्रश्न कोणालाही उद्धट वाटत नाहीत.

नकार येतात, आणि त्यांतील पुष्कळ गुणवत्तेशी संबंध नसलेल्या कारणांनी येतात: त्या वर्षी निधी आटलेला असतो, ज्या प्राध्यापकाचे नाव लिहिले ते रजेवर असतात, किंवा त्याच विषयाचे दोन विद्यार्थी आधीच घेतलेले असतात. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करण्यात कमीपणा नाही. मात्र मधल्या वर्षात एखाद्या प्रकल्पावर काम करून निदान एक शिफारसपत्र नवे मिळवावे, कारण तोच संच परत पाठवला तर निकालही बहुधा तोच लागतो.

एकाहून अधिक ठिकाणी प्रवेश मिळाला तर अमेरिकेत १५ एप्रिल ही तारीख लक्षात ठेवावी. तेथील कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सच्या ठरावावर सही केलेली विद्यापीठे आर्थिक साहाय्यासह दिलेल्या प्रवेशाचे उत्तर त्याआधी देण्याची सक्ती करू शकत नाहीत, तेव्हा कोणी घाई केली तर हा ठराव नम्रपणे दाखवावा. निर्णय आधीच झाला असेल तर मात्र १५ एप्रिलची वाट पाहू नये. उरलेल्या विभागांना दोन ओळींत नकार त्याच दिवशी कळवावा, कारण प्रत्येक विभागाची प्रतीक्षायादी असते आणि तुमची जागा मोकळी झाल्याशिवाय तिच्यावरच्या नावाला पत्र जात नाही.